गोधडीवरील गलबत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महिला शाखेने भरविलेल्या गोधडी-प्रदर्शनाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गोधडीवरील गलबत' असा विषय छापलेला पाहून अनेकांनी मला आल्या आल्याच विचारले की, यात मुद्रणदोष तर नाही ना? मुद्रणदोष नाही. ज्या इसमाने आयुष्याची तीस वर्षे सरकारी हिशेब तपासण्यात घालविली आणि सदऱ्याचे तुटलेले बटणदेखील कधी स्वतः लावले नाही, त्याने गेल्या दोन महिन्यांत बारा इंच लांब आणि बारा इंच रुंद अशी एक चौकट शिवून पुरी केली. ती आपल्यासमोर डाव्या भिंतीवर, वरून तिसऱ्या ओळीत टाचलेली आहे. तिच्यावर एक नाव आहे. जवळ जाऊन फार न्याहाळू नये, एवढी विनंती.

प्रथम ही कल्पना कोठून आली ते सांगतो. आपल्या मंडळातील एका भगिनींची कन्या अमेरिकेत असते. मागील वर्षी ती माहेरी आली तेव्हा तिकडील रजयांच्या नमुन्यांचे एक पुस्तक घेऊन आली. तिकडे रजईचा वरचा पदर लहान लहान चौकोनी भागांत शिवतात व ते भाग मागाहून एकमेकांना जोडतात. अशा एका भागाला तेथे 'ब्लॉक' म्हणतात. आपल्या महिला शाखेने त्याला 'चौकट' म्हणावयाचे ठरविले. पन्नास वर्षांची पन्नास कुटुंबे, प्रत्येकाची एक चौकट, आणि आपण राहतो ते बंदराचे गाव म्हणून सर्व चौकटींचा विषय समुद्र, असा ठराव झाला. ठरावाला हिशेबाची पहिली हरकत मीच घेतली. पन्नास चौकटी जोडायच्या म्हणजे पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब असे पांघरूण होणार, व ते माणसापेक्षा उंटाच्या कामी अधिक येणार. तेव्हा सात गुणिले सात अशा एकोणपन्नास चौकटींची सात फुटांची चौरस गोधडी करावी, असे ठरले. पन्नासाव्या चौकटीचे काय, हा प्रश्न तेव्हा तहकूब ठेवला होता. त्याकडे शेवटी येतो.

त्या पुस्तकात समुद्राचे नमुने कितीतरी आहेत. 'मॅरिनर्स कंपास' म्हणजे खलाशाचे होकायंत्र. जुन्या नकाशांवर दिशादर्शक तारा असतो, त्याच्या बत्तीस दिशा कापडाच्या अणकुचीदार पाकळ्यांनी साधायच्या. 'ओशन वेव्ह्ज' या नमुन्यात केवळ त्रिकोणांच्या रांगांतून लाटा उठतात. 'स्टॉर्म ॲट सी' नावाच्या नमुन्यात एकही वक्र रेषा नसते, सर्व कापणी सरळ असते. तरी चार चौकटी शेजारी शेजारी मांडल्या की डोळ्यांना पाणी हेलकावताना दिसते. ही किमया पाहून मी थक्क झालो. या सर्वांहून सोपी ती साधी शिडाची नाव. १९३० च्या सुमारास अमेरिकेत लहान मुलांच्या रजयांवर ही नाव फार लोकप्रिय होती. तिकडची वर्तमानपत्रे असे नमुने नियमाने छापीत असत. 'कॅन्सस सिटी स्टार' या पत्राने तर १९२८ पासून १९६१ पर्यंत ते छापले. बायकांनी ते कापून ठेवायचे आणि एकमेकींना द्यायचे. आपल्याकडे दिवाळी अंकांतील रांगोळ्या व विणकामाचे नमुने कापून ठेवीत, त्यातलाच हा प्रकार.

या ठिकाणी एका समजुतीविषयी बोलले पाहिजे. तुकडे जोडण्याची ही कला केवळ दारिद्र्यातून जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. आपल्या गोधडीविषयी ते बरेचसे खरे आहे. अमेरिकेतील चौकटींविषयी मात्र अभ्यासकांचे म्हणणे निराळे आहे. गिरण्यांचे सुती कापड स्वस्त झाले, रंगीत छिटे खेड्यापाड्यांत पोहोचली, त्यानंतर म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या चौकटी बहरल्या. सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट घेतले तेही १८५१ साली. मुद्दाम नवे कापड घ्यायचे, त्याचे मापून तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडायचे, यात चैनीचा अंश आहेच. आपली आजी हे ऐकती तर म्हणाली असती, धडक्या कापडाला कात्री लावता, तुम्हाला झाले आहे तरी काय?

शिवणीतही मोठा फरक आहे. आपल्या गोधडीत, वाकळीत किंवा चौघडीत जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरतात, विरलेल्या जागी ठिगळ ठेवतात आणि कडेकडेने आत येत सर्व थरांतून धावदोरा घालतात. ठिगळ वर बसते. ते अर्धा इंच इकडे की तिकडे, याला महत्त्व नसते. बंगालच्या कांथ्याचेही तंत्र असेच थरांचे. कोलकात्यास माझी चार वर्षे बदली होती, तेव्हा मी कांथे पुष्कळ पाहिले. जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी त्यांवर मासे, पालख्या, हत्ती आणि नावा भरलेल्या असतात. गुरुसदय दत्त नावाचे आय.सी.एस. अधिकारी (१८८२–१९४१) जिल्ह्याचा कारभार पाहता पाहता खेडोपाडी हिंडून ते जमवीत. त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात गेला. एक सरकारी अधिकारी फायलींतून मान वर काढून म्हाताऱ्या बायकांच्या पांघरुणांकडे पाहतो, ही गोष्ट मला त्या काळी फार धीराची वाटली होती. त्याच बंगालात सातगावच्या आसपास सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांसाठी मोठाल्या रजया भरल्या जात. पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या रानरेशमाने साखळी टाका, आणि त्यात शिकारी, जलचर व शिडे उभारलेली जहाजे. त्यांपैकी काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पांघरुणावर जहाज काढण्याची हौस आपल्या देशाला नवी नाही, एवढेच यावरून सांगावयाचे आहे.

अमेरिकन चौकटीत मात्र तुकडा तुकड्यावर बसत नाही. तो कडेला कड लावून जोडावा लागतो. माझी सारी फजिती येथे सुरू झाली.

नावेची चौकट अशी मांडतात. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे चार आडव्या आणि चार उभ्या ओळींत सोळा घरे कल्पावीत. प्रत्येक घर शिवून झाल्यावर तीन इंचांचे. वरच्या ओळीत दोन टोकांना आकाश आणि मध्ये दोन घरे अशी की ज्यांत अर्धे आकाश व अर्धे शीड, कर्णावर जोडलेले. दुसऱ्या ओळीत मध्ये दोन्ही शिडांची अखंड घरे आणि टोकांना पुन्हा अर्धे आकाश, अर्धे शीड. अशी दोन शिडे पाठीला पाठ लावून उभी राहतात आणि त्यांच्या मधली शिवण तीच डोलकाठी. तिसऱ्या ओळीत नावेचे अंग, मध्ये सहा इंचांचा अखंड तुकडा व दोन्ही टोकांना कर्णावर कापलेली घरे. चौथी ओळ म्हणजे बारा इंचांची एकच निळी पट्टी, समुद्र.

आता माप. शिवणीसाठी प्रत्येक कडेला पाव इंच कापड सोडावे लागते. सुतार इंचाचे आठ सूत मानतो, त्या हिशेबाने दोन सूत. या सोडलेल्या कापडाला आपल्या शिंप्यांचा शब्द आहे 'माया'. "साहेब, माया ठेवली आहे, पुढे अंग भरले तर उसवता येईल," असे माझा शिंपी मला दर नव्या विजारीच्या वेळी सांगतो आणि मी ते दरवेळी मनाला लावून घेतो. तर तीन इंचांच्या घराला दोन्ही बाजूंची दोन-दोन सूत माया धरून साडेतीन इंचांचा चौकोन कापावा. इतके सरळ आहे. कर्णावर जोडायच्या घरांचे तसे नाही. तेथे तिरप्या कडेलाही माया लागते, म्हणून चौकोन तीन इंच सात सूत कापावा लागतो. सात सूतच का, हे मी कागदावर करून पाहिले. दोन्ही भुजांची माया आणि कर्णाच्या मायेने भुजेवर टाकलेला भार मिळून ०.८५४ इंच भरतो, आणि सात सूत म्हणजे ०.८७५. जे केसभर उरते ते शेवटी कात्रीने साफ करतात. कला शाखेच्या पदवीधराला यात जो आनंद झाला तो येथील अभियंत्यांना कळणार नाही.

असे दोन चौकोन, एक आकाशाचा व एक शिडाचा, सुलट्या बाजू आत करून एकावर एक ठेवावे. उलट बाजूवर पेन्सिलीने कर्ण आखावा. कर्णाच्या दोन्ही अंगांना दोन सूत अंतरावर यंत्राची टीप मारावी आणि मग आखलेल्या रेषेवर कापावे. उघडले की दोन घरे तयार. अशा तीन जोड्यांत सहा घरे होतात, आणि नावेला नेमकी सहाच लागतात.

आता कापडाविषयी. प्रत्येक कुटुंबाने घरातील जुने कापड वापरावे, अशी अट होती. आमच्या पेटीत माझ्या आईचे एक इरकली लुगडे होते. डाळिंबी रंगाचे, लाल काठाचे. आई २००९ साली गेली. त्यानंतर आमच्या तीन बदल्या झाल्या आणि तीनही वेळा ते कडुनिंबाच्या पाल्यात घालून आमच्याबरोबर आले. कोणी नेसत नव्हते, कोणी वापरीत नव्हते. पेटीच्या तळाशी ते असे, एवढेच.

आई कृष्णाकाठची. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो १९९५ साली, मी मद्रासला नोकरीला असताना. संध्याकाळी मी तिला मरीनावर नेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नदीला पलीकडचा काठ असतो रे. ह्याला नाही का?" मी पोक्तपणे सांगितले की पलीकडे ब्रह्मदेश आहे. ती म्हणाली, "असेल. पण मला दिसत नाही." पुढे दोन महिने ती राहिली आणि आमच्या सरकारी निवासाच्या ओट्यावर बसून तिने मला एक गोधडी शिवून दिली. मद्रासच्या उकाड्यात गोधडी कशाला, असे मी म्हटले होते. आज मला त्या बोलण्याची लाज वाटते. ती गोधडी पुढे दिल्लीच्या दोन थंड्यांत कामी आली आणि अखेर झिजून गेली. सरकारी सामानाची जशी यादी असते तशी घरच्या सामानाची नसते. ती कोणत्या बदलीत टाकून दिली, हेही मला सांगता येणार नाही.

म्हणून या लुगड्याला कात्री लावायची की नाही, याचा विचार मी पंधरा दिवस केला. सौ. म्हणाली, "अहो, सासूबाईंनी स्वतः किती लुगडी फाडली असतील त्याची गणती आहे का? पेटीत ठेवून त्याचे काय होणार आहे? घडीवर विरेल." तिचे म्हणणे खरे होते, घडीच्या रेघांवर ते विरूही लागले होते. शेवटी एका रविवारी सकाळी मी ते काढले. जुने कापड मऊ पडलेले असते, कापताना घसरते; म्हणून ते धुऊन, पातळ खळ देऊन, इस्त्री करून घेतले. एका शिडाला आईचे लुगडे, दुसऱ्या शिडाला वडिलांचे धोतर. नावेचे अंग सौ.च्या जुन्या काळ्या चंद्रकळेचे. आकाश आमच्या एका फिक्या निळ्या चादरीचे. समुद्राला गडद निळे कापड घरात मिळेना. तेव्हा शेजारच्या तेलुगू मावशींनी आपली जुनी मंगळगिरी साडी आणून दिली. "मा समुद्रम् मीकु काका?" असे काहीसे त्या हसत म्हणाल्या. 'आमचा समुद्र तुमचा नाही का', असा मी त्याचा अर्थ लावला. तेलुगू मला अजून तेवढेच येते.

आणि मी चुकलो. शिडांचे सारे चौकोन मी साडेतीन इंचांचेच कापले. सात सुतांचा जो हिशेब मी एवढ्या ऐटीत कागदावर मांडला होता, तो कात्री हातात आल्यावर डोक्यातून गेला. टीप मारून, कापून, उघडून पाहतो तो घर तीन सूत कमी! साडेतीन इंचांचे हवे ते तीन इंच एक सुताचे निघाले. शेजारच्या घराला ते लागेना. तीन सूत म्हणजे किती? बोटाच्या पेराहून कमी. पण ओढून बसवावे तर शीड सुरकुतते, कारण कर्णावर कापलेले कापड उरेब असते. त्याला उभ्या-आडव्या धाग्यांचा आधार नसतो आणि ते हवे तसे ताणले जाते. दोन तुकडे वाया गेले. ते आईच्या लुगड्याचे होते.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर शेरे लिहिले. सबब मागितली, खुलासा मागितला, वसुली काढली. त्या दुपारी मी ते दोन तुकडे हातात धरून बसलो तेव्हा खुलासा कोणाकडे मागावा हे मला सुचेना. सौ.ने तुकडे माझ्या हातून घेतले, सुईच्या डब्यात ठेवले आणि म्हणाली, "लुगडे नऊ वारांचे आहे. दुसरा चौकोन कापा."

दुसऱ्या खेपेस मी आधी कार्यालयातील जुन्या फायलीचा जाड पुठ्ठा घेऊन त्याचे दोन साचे कापले, एक साडेतीन इंचांचा आणि एक तीन इंच सात सुतांचा, आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत मापे लिहिली. खडूने साच्याभोवती आखून मगच कापले. डोलकाठीच्या बाजूला लुगड्याचा लाल काठ यावा अशी माझी हौस होती, म्हणून शिडाचे अखंड घर काठासकट कापले. पण शिवल्यावर पाहिले तर काठातले दोन सूत मायेत गेले. लाल रेघ उरली ती बारीक. तशीही ती बरी दिसते.

यंत्र आमचे जुने 'उषा'. टीप नेमकी दोन सुतांवर पडावी म्हणून सुईपासून मोजून यंत्राच्या पाटीवर चिकटपट्टी लावली आणि कापडाची कड तिला लावून चालविली. ज्यांना अजून चौकट शिवायची आहे त्यांनी एवढे तरी करावे. अर्धा सूत चूक किरकोळ वाटते. पण ती शिवणीच्या दोन्ही अंगांना होते, एका ओळीत तीन शिवणी असतात, म्हणजे एका चौकटीत तीन सूत झाले. आणि अशा सात चौकटी रांगेत आल्या की अडीच इंचांहून अधिक घोळ पडतो. दुसरे असे की, प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री करावी, पण इस्त्री कापडावर ओढू नये, उचलून दाबावी. ओढली की उरेब कड लांबते. आणि माया एका ओळीत उजवीकडे, तिच्या खालच्या ओळीत डावीकडे, अशी निजवावी. मग ओळी जोडताना शिवणी एकमेकींत चपखल बसतात, चार कोपरे एका बिंदूत येतात आणि तेथे गाठ येत नाही.

तिसऱ्या ओळीत माझी आणखी एक गंमत झाली. कोपऱ्याची दोन घरे मी उलटी लावली. नावेचे अंग वर रुंद व खाली निमुळते हवे. माझे खाली रुंद आणि वर अरुंद झाले. सौ. पाहून म्हणाली, "ही नाव नव्हे, उपडी घातलेली परात आहे." शिवणी उसवून घरे फिरविली आणि परातीची नाव झाली. उसवताना मात्र ध्यानात आले की, मायेचे ते दोन सूत होते म्हणून उसवता तरी आले. कडेला अगदी चिकटून शिवले असते तर धागे सुटून तुकडा हातात आला असता.

आपल्यातील एका मालवणच्या सद्गृहस्थांनी चौकट पाहून हरकत घेतली आहे की, हे तारू आपले नव्हे. आपल्या गलबताची डोलकाठी पुढे झुकलेली असते, शीड तिरक्या आडकाठीवर चढते आणि नाळ लांब पुढे जाते. हरकत रास्त आहे. सरळ रेघांच्या सोळा घरांत ते सारे बसत नाही, निदान माझ्या हातून बसले नाही. त्यांनी स्वतः गलबताची चौकट करावयाचे कबूल केले असून, ती अद्याप यावयाची आहे, हे मी सभेच्या नजरेस आणतो. शीर्षकात मी 'गलबत' म्हटले ते केवळ अनुप्रासाच्या मोहाने, हेही कबूल करतो.

आता तहकूब ठेवलेला पन्नासाव्या चौकटीचा प्रश्न. गेल्या मंगळवारी महिला शाखेच्या बैठकीत सौ.ने सुईचा डबा उघडून माझे ते दोन चुकलेले तुकडे पुढे ठेवले. पाहता पाहता इतरांच्या पिशव्यांतूनही तुकडे निघू लागले. कोणाचे दीपगृह वाकडे कापले गेले होते, कोणाच्या माशाचे शेपूट आखूड झाले होते. होकायंत्राच्या बत्तीस पाकळ्या करावयास निघालेल्या एका भगिनींकडे तर अकरा पाकळ्या वाया गेलेल्या निघाल्या. यांतील एकही तुकडा कोणी टाकला नव्हता. तेव्हा असे ठरले की, पन्नासावी चौकट या तुकड्यांची करावी; तिला माप नाही, साचा नाही. जुन्या रीतीने एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवावी आणि गोधडीच्या मागल्या अंगाला, अस्तरावर, मधोमध लावावी. ते काम आपल्या सर्वांत वडील असलेल्या आजींनी पत्करले आहे. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण हात अजून चालतो. ओवून देण्यास दोन मुली रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातात.

अजून आठ चौकटी यावयाच्या आहेत. माझे दोन्ही पुठ्ठ्याचे साचे दाराजवळच्या मेजावर ठेवले आहेत; ज्यांना हवे त्यांनी त्यांवरून आखून घ्यावे आणि साचे परत ठेवावे. कापताना चुकलेले तुकडे असतील तर तेही याच आठवड्यात आजींकडे पोहोचते करावे. किती लहान आहेत याचा संकोच करू नये. त्यांनी बोटाएवढे तुकडेदेखील घेतले आहेत.